हार्लन कुठे झोपायचा

माझ्या बहिणीचा नवरा हार्लन कूपमन दारूडा नव्हता, जुगारी नव्हता, बाहेरख्याली तर मुळीच नव्हता. यातलं काही असतं तर बरं झालं असतं, असं मी पुढे बऱ्याचदा म्हणाले. तसल्या नवऱ्याचं काय करायचं ते आयोवातल्या आमच्या सू सिटीत सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चमधल्या बायका सांगतात, वकील सांगतो, माझ्या खुर्चीत केस कापून घ्यायला बसलेली प्रत्येक बाई सांगते. कर वाचवणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. उलट सगळे म्हणतात, हुशार आहे हो.

हुशार होताच तो. सहकारी सोसायटीच्या धान्याच्या कोठारांवर सुरक्षेचं काम त्याने बरीच वर्षं केलं. मक्याच्या कोठारात माणूस कमरेपर्यंत रुतला की दोरी लावूनही ओढून काढता येत नाही, आणि भुशाच्या धुळीला ठिणगी लागली की अख्खी इमारत उडते, हे तो कामावरच्या पोरांना असं शिकवायचा की ती पोरं पुन्हा निष्काळजीपणे आत उतरायची नाहीत. त्याच्यामुळे काही जण आज जिवंत आहेत. हे त्याच्या बाजूने बोलायचं तेवढं मी इथेच बोलून घेते.

पन्नाशी उलटल्यावर त्याने नोकरी सोडली आणि स्वतःच्या नावाने सल्लागार झाला. गिऱ्हाइकं पटापट मिळाली. काही आयोवात, थोडी नेब्रास्कात, पण सगळ्यांत जास्त साउथ डकोटात. आम्ही राहतो तिथे तिन्ही राज्यं नदीकाठी एकमेकांना चिकटलेली आहेत. सकाळची कॉफी एका राज्यात, पेट्रोल दुसऱ्यात आणि दुपारचं सँडविच तिसऱ्यात, यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. कराला मात्र वाटतं.

नोकरी होती तोवर कर पगारातून परस्पर कापला जायचा. आता वर्षातून चार वेळा स्वतः अंदाज बांधून आगाऊ हप्ता भरायचा होता. या वर्षी किती कमावीन, त्यातलं कुठल्या राज्यात किती, हे आधीच ओळखायचं. कमी भरलं तर दंड, जास्त भरलं तर आपलाच पैसा वर्षभर सरकारकडे पडून. हार्लन एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीत डोरीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायचा, आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. डोरीन म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेच्या कचेरीत काम करायची. शांत बाई. मी तशी नाही.

त्या जूनमध्ये मी तिथेच बसले होते. डोरीन दालचिनीचे रोल लाटत होती. हार्लनने पेन्सिल टेबलावर आपटली.

"डोरीन, ऐक. मी ॲबरडीनच्या कोठारात उभा राहतो. घाम तिथे गाळतो. पैसे तिथला माणूस देतो. साउथ डकोटात मिळकतीवर करच नाही, म्हणजे ते राज्य माझ्याकडे एक सेंट मागत नाही. मग त्या पैशांवर कर कोण घेतं? आयोवा. का? तर मी इथे येऊन झोपतो म्हणून."

"मग नको झोपूस इथे," डोरीन म्हणाली आणि लाटणं फिरवत राहिली.

मी हसले. तीही हसली. हार्लन हसला नाही. तो आमच्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं ओव्हनमधले आधीचे रोल जळतायत.

दुसऱ्या आठवड्यात तो रॉड टिमरकडे गेला. रॉड त्याचा हिशेबनीस, लहानपणापासूनचा मित्र. त्याने समजावलं की नुसता पत्ता बदलून भागत नाही. आयोवातल्या कामावर आयोवाचा कर द्यावाच लागेल, नेब्रास्कातल्यावर नेब्रास्काचा. पण साउथ डकोटातल्या कमाईवरचा वाचेल, जर हार्लन खरोखरच नदीपलीकडचा झाला तर. खरोखरच म्हणजे काय, तर गाडीचा परवाना तिकडचा, मतदान तिकडे, डॉक्टर, दात काढणारा, न्हावी तिकडचा. आणि जिथे परत जायची ओढ आहे ते घर इकडे नाही, हे दिसलं पाहिजे.

"म्हणजे कर खातं माझी ओढ तपासणार?" हार्लनने विचारलं.

"ओढ दिसत नाही ना," रॉड म्हणाला. "म्हणून ते कुत्रा बघतात. कुत्रा कुठे राहतो ते विचारतात."

हे मला हार्लननेच सांगितलं, फार मजेने. डोरीनला त्याने सांगितलं ते असं: "दोन वर्षं फक्त. घराचं छप्पर नवं करायचंय, त्याचे पैसे सुटतील. मग मी परत. तू तुझी नोकरी कशाला सोडतेस, तुझा पगार तर आयोवाचाच आहे. आणि तुझी आई इथे आहे. तू इथेच थांब."

आमची आई तेव्हा वृद्धाश्रमात होती, डोरीनच्या घरापासून चार गल्ल्यांवर. डोरीनने जाणं शक्यच नव्हतं. घर तिच्या नावावर होतं, तिच्या पगारातून फेडलेलं. ती म्हणाली, "दोन वर्षं ना?" तो म्हणाला, "दोन." बस, एवढीच चर्चा झाली. मी तिच्या जागी असते तर त्याच्या डोक्यात लाटणं घातलं असतं.

तो पुलापलीकडे, साउथ डकोटात, मर्ल नावाच्या एका विधुराच्या तळघरात भाड्याने राहायला गेला. सोबत कपडे, आरामखुर्ची, बंदुका, बापाचा फोटो आणि गस. गस म्हणजे त्यांचा बीगल. गस डोरीनच्या पायाशी झोपणारा कुत्रा होता, पण हिशेबात तो हार्लनचा धरला गेला.

मग चर्च. आम्ही मूळचे डच लोक. आमच्यात माणसाचं सदस्यत्व कागदावर असतं आणि दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, जायचं तर ते कागद रीतसर पाठवावे लागतात. रविवारच्या पत्रकात छापून येतं. त्या रविवारी आलं: हार्लन कूपमन यांचं सदस्यत्व नदीपलीकडच्या मंडळीकडे पाठवण्यात आलं आहे. एकट्या हार्लनचं. डोरीन माझ्या शेजारी बसली होती. तिने पत्रकाची घडी घातली आणि गाणं सुरू झाल्यावर नेहमीसारखी गायली.

दुपारपर्यंत तिच्या दाराशी तीन डिश आल्या. आमच्याकडे कोणी मेलं किंवा कोणाचं ऑपरेशन झालं की बायका ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकलेलं काहीतरी भाजलेलं आणून ठेवतात. बटाट्याचं, नूडल्सचं, चिकन आणि भाताचं.

"तो मेला नाहीये," डोरीन दारात सांगत होती. "आमचं भांडणही नाही. तो कर वाचवतोय."

"हो गं बाई," म्हातारी मिसेस हॉफ्स्ट्रा तिचा हात थोपटत म्हणाली. "पण गरम आहे तोवर खाऊन घे."

सुरुवातीला तो आठवड्यातून दोनदा जेवायला यायचा. मग रविवारीच. अंधार पडायच्या आत निघायचा, कारण आयोवात काढलेल्या रात्री तो कॅलेंडरवर मांडून ठेवत होता आणि त्या कमीत कमी दिसाव्यात ही त्याची धडपड. आता त्याचा अंदाज नुसत्या पैशांचा राहिला नव्हता. कोणाच्या लग्नाला थांबायचं, कुठल्या वादळात परत फिरायचं, सगळं तो त्याच पेन्सिलीने ठरवायचा. वाढदिवसाचा केक कापताना मी त्याला घड्याळाकडे बघताना पाहिलंय.

दुसऱ्या वर्षी आई गेली. दफन झालं, चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी झाली, लोक पांगले. आम्ही तिघं डोरीनच्या घरी आलो. डोरीनने बूट काढले आणि सोफ्यावर बसली. रडली नव्हती अजून. हार्लन थोडा वेळ तिच्याजवळ बसला, मग उठला आणि कोट घालू लागला.

"आज राहा," डोरीन म्हणाली.

"सकाळी लवकर येतो."

"आज राहा, हार्लन."

"अगं, आईच्या दुखण्यात या वर्षी इथल्या रात्री आधीच फार झाल्यात," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला. वाईट वाटत होतं त्याला. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि गेला.

मी त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत गेले. "किती वाचवतोस तू? खरं सांग. भाडं, पेट्रोल, सगळं जाऊन."

त्याने खरं सांगितलं. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. "वर्षाचे चौदाशे डॉलर. साधारण."

"चौदाशे."

"पण तत्त्वाचाही प्रश्न आहे, जोलीन."

त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी वळून पुलाकडे गेली. आत गेले तर डोरीन तशीच बसलेली, आणि आता रडत होती. आईसाठी रडत होती की कशासाठी, ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडेनासा झाला, आणि हे मी लपवलंही नाही.

दोन वर्षं झाली. डोरीनने वरच्या खोलीतलं त्याचं कपाट पुसून ठेवलं. तिला एवढंच हवं होतं, तो घरी यावा. नवं छप्पर नको होतं, पैसे नको होते. पण रॉडने हार्लनला नवीनच गोष्ट सांगितली. इतक्यात परत गेलास तर कर खातं म्हणेल, हा माणूस कधी गेलाच नव्हता, परत यायचंच होतं त्याला. मग मागचं सगळं वसूल करतील.

"म्हणजे घरी आलं की गुन्हा," डोरीन म्हणाली.

"गुन्हा नाही गं. फक्त अजून थोडे दिवस थांबायचं. अंदाजे वर्षभर."

पुढच्या जानेवारीतही अंदाजे वर्षभर. त्याच्या पुढच्याही. डोरीन रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावायची नाही. तिने हळूहळू एकटीपुरता स्वयंपाक करायला सुरुवात केली. बर्फ उपसायचं यंत्र चालवायला शिकली. गळके नळ स्वतः दुरुस्त केले. हार्लनचं कपाट तिने एका वसंतात रिकामं केलं आणि त्यात शिलाईचं कापड ठेवलं. मला म्हणाली, "जागा उगाच अडून राहते." मी मान हलवली. रविवारी तो आला की ती त्याला कॉफी विचारायची, साखर किती तेही विचारायची. हे माझ्या लक्षात आलं. त्याच्या आलं नाही.

मग आयोवाच्या कर खात्याचं पत्र आलं. म्हणणं सरळ होतं: तुमची बायको इथे, तुमचं घर इथे, घटस्फोट नाही, कोर्टाने वेगळं केलेलं नाही, तेव्हा तुम्ही इथलेच. चार वर्षांचा कर, व्याज आणि दंड. वाचवलेल्या पैशांचं मर्लचं भाडं होऊन गेलं होतं. उरलेलं छपरात गेलं होतं. आकडा एवढा होता की डोरीनचं फेडलेलं घर पुन्हा गहाण टाकल्याशिवाय भागणार नव्हतं.

हार्लन आणि रॉड तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

"डोरीनचा जबाब झाला तर सुटू," रॉड म्हणाला. "त्यांच्याकडची बाई प्रश्न विचारेल. शपथेवर. खोटं काही बोलायचं नाही."

"खोटं कशाला," हार्लन म्हणाला. "नुसतं सांग की मी तिकडे राहत होतो. वेगळा. आपलं तसं… फारसं काही राहिलं नव्हतं, असं. जरा जोर देऊन."

"आणि राहिलं होतं की नाही?" मी विचारलं.

"जोलीन, तू गप्प बस," हार्लन म्हणाला. मग डोरीनचा हात धरून, "हे एवढं झालं की मिटलं. मग मी घरी येतो. या वेळी नक्की."

डोरीन त्याच्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "मी खरं तेच सांगेन."

जबाब रॉडच्याच कचेरीत झाला. कर खात्याच्या बाईचं नाव मिस ब्रँट, तिशीची, सर्दी झालेली, दर दोन मिनिटांनी माफी मागून नाक पुसणारी. बाई सभ्य होती. मी डोरीनसोबत म्हणून कोपऱ्यात बसले, हार्लन रॉडच्या शेजारी.

"मिस्टर कूपमन यांच्याकडे तुमच्या घराची किल्ली आहे?"

"होती. मी कुलूप बदललं तेव्हा नवी द्यायची राहिली. त्याने मागितली नाही."

हार्लनने हे ऐकून रॉडकडे पाहिलं. छान, अशा अर्थाने.

"त्यांचे हिवाळ्याचे कपडे कुठे असतात?"

"नदीपलीकडे. माझ्याकडे त्याचं काही नाही. एक दाढीचा ब्रश होता, तो मी फेकला."

"नाताळात?"

"येतो. जेवतो. भेट आणतो. कोट दाराशीच काढतो आणि निघताना जेवणाबद्दल आभार मानतो."

"तुम्ही आजारी असताना?"

"बहीण येते."

"मिसेस कूपमन, तुमचे संबंध… पती-पत्नीचे राहिले होते का, या काळात?"

डोरीनने जरा विचार केला. तिला बरोबर उत्तर द्यायचं असलं की ती असाच विचार करते. "माझी आई गेली त्या दिवसापर्यंत होते असं मला वाटतं," ती म्हणाली. "त्यानंतर नाही."

मिस ब्रँटने लिहून घेतलं. मग तिने एक फोटो टेबलावर सरकवला. दफनभूमीतल्या दगडाचा. आमच्याकडे नवरा-बायको जिवंतपणीच जोडदगड घेऊन ठेवतात, दोघांची नावं आणि जन्मतारखा कोरलेल्या, मरणाच्या तारखेची जागा कोरी. आईबापांच्या शेजारी डोरीन आणि हार्लनचाही होता. थडग्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकायचा काही लोकांना छंद असतो, त्यातलाच हा.

"हा दगड आयोवात आहे," मिस ब्रँट म्हणाली, नाक पुसत. "आमचा मुद्दा असा, की माणूस शेवटी जिथे यायचं ठरवतो, तेच त्याचं घर. यांचं नाव इथे कोरलेलं आहे."

रॉडचं पेन थांबलं. याचा विचार त्याने केला नव्हता. हार्लन पांढरा पडला. कुत्रा हलवला, चर्चचे कागद हलवले, बापाचा फोटो हलवला. थडगं हलवायचं राहून गेलं होतं.

"फोटो जुना आहे," डोरीन म्हणाली.

"म्हणजे?"

"मी एप्रिलमध्ये दगडवाल्याला सांगितलं. त्याने ते नाव घासून काढलं. तुम्ही जाऊन बघा, वाटेतच आहे. दगड माझा आहे, पैसे मीच भरले होते."

"का काढलंत?"

"तो येणार नाही म्हणून," डोरीन म्हणाली.

मिस ब्रँटने नाक पुसलं नाही. तिने तारीख लिहून घेतली. ती पत्राच्या आधीची होती, जबाबाच्या तर फारच आधीची. मग तिने वही मिटली आणि डोरीनचे आभार मानले.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत वारा होता. हार्लन धावतच आमच्या मागे आला. चेहरा नुसता फुललेला.

"डोरीन! अगं, दगडाचं तुला कधी सुचलं? रॉड म्हणतो यावरच सुटणार आपण. मला तरी सांगायचंस. माझ्या छातीत धस्स झालं होतं."

"सुचलं नाही, हार्लन. केलं. एप्रिलमध्ये."

"हो, म्हणजे जबाबासाठी…"

"एप्रिलमध्ये कसला जबाब?"

तो हसत होता तसाच थोडा वेळ हसत राहिला. चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं. मग कळलं. मला वाटलं होतं हे बघायला मला आवडेल. नाही आवडलं.

"पण मी येणारच होतो," तो म्हणाला. "मी तुला सांगितलं होतं. हे मिटलं की घरी."

"आता कसा येशील?" डोरीनने विचारलं. कुजकट नव्हतं ते. गणितातली अडचण दाखवावी तसं विचारलं. "मी शपथेवर सांगितलंय. तू आलास तर मी खोटी ठरेन. ते सगळं परत मागतील, घर जाईल."

"थोडे दिवस थांबू मग. वर्षभर."

"थांब ना," डोरीन म्हणाली.

तिने गाडीचं दार उघडलं आणि मला म्हणाली, "तू चालव." मी चालवली. आरशात तो कोट न घातलेला उभा दिसत होता, पुलाकडे तोंड करून की आमच्याकडे, ते वळणावर नीट दिसलं नाही.

सप्टेंबरात खात्याने दावा सोडला. हार्लनने त्यांच्या पत्राची प्रत डोरीनला पाठवली, वर पेन्सिलीने 'जिंकलो' असं लिहून. ती तिने वाचली, आणि उरलेलं सूप माझ्या डब्यात भरून दिलं, कारण एकटीला ते फार होतं.